माझ्या चष्म्यातून पडलेलं मत

सन दोन हजार आठ. मला एकाहत्तरावं लागलं होतं. मोतीबिंदू काढून डावा डोळा नवा करून घेतलेला, उजवा अजून रांगेत, आणि लीड्समधला हिवाळा काही केल्या हटायला तयार नव्हता.

हा मोसम दरवर्षी येतो. फेब्रुवारी सरत आला की रस्त्याकडेच्या गवतातून डॅफोडिलची पाती वर येतात, सुऱ्यांसारखी ताठ. पुण्यामुंबईची नवी पोरं त्या फुलांचे फोटो काढून घरी पाठवतात. मला ती फुलं दिसली की नाकात लोखंडाचा वास येतो. तापलेल्या, कापलेल्या लोखंडाचा आणि त्यावरच्या जळक्या रंगाचा. फूल बघून लोखंड आठवणारा माणूस अख्ख्या यॉर्कशायरात आता मी एकटाच असेन. एके काळी आम्ही दोघे होतो.

माझं शिक्षण चौथी. चौथीत मास्तरांशी वाजलं, ते म्हणाले माफी माग, मी मागितली नाही, शाळा सुटली. मग मुंबईला दारूखान्याच्या बंदरात गेलो, जिथं जुन्या बोटी मोडतात, आणि जन्मभर बोटी कापल्या. भरतीच्या पाण्यावर बोट चिखलात आणून बसवायची आणि मग गॅसच्या टॉर्चनं तिचे तुकडे करायचे. मोठा पत्रा सुटून चिखलात पडला की असा आवाज यायचा की पोटातली आतडी हलायची. हातावर ठिणग्या पडून पडून कोपरापर्यंत पांढरे ठिपके उठले, ते अजून आहेत. सून म्हणते, बाबा, फुल बाह्यांचा शर्ट घाला. मी घालत नाही. ज्याला माझं शिक्षण विचारायचंय त्यानं हात बघावा.

ते ठिपकेच त्यानं आधी बघितले. हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात आम्ही शेजारी बसलो होतो, दोघांच्याही बाहुल्या औषधानं मोठ्या केलेल्या, सगळं जग पाण्यात बुडाल्यासारखं. शेजारचा उंच, गोरा, दोन दिवसांची दाढी वाढलेला म्हातारा वाकून माझ्या हाताकडे बघत राहिला. मला राग आला. काही बोलणार तेवढ्यात त्यानं स्वतःची बाही वर केली. तेच ठिपके. त्याच रंगाचे, तेवढेच, जणू आम्हा दोघांना एकाच मुशीतून काढलंय.

त्याचं नाव अनातोली. रशियाच्या पार उत्तरेचा. त्याची मुलगी लेना त्याच हॉस्पिटलात नर्स, बायको गेल्यावर पोरीनं बापाला इकडं आणलेला. दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला अण्णा म्हणायला लागलो. तो मला मखादेव म्हणायचा, त्याच्या तोंडून महादेव तसाच निघायचा. आमचं दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे तुकड्याला तुकडा बरोबर बसायचा. मी त्याला सांगितलं, तुमच्या देशाची एक मालवाहू बोट मी कापलीय, मागच्या अंगाला उलट्यासुलट्या अक्षरांत नाव होतं तिचं. तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, मग माझी एक तू कापलीस, बाकीच्या मी कापल्या.

त्यानं पाणबुड्या कापल्या होत्या. ज्यांच्या पोटात अमेरिकेवर सोडायचे बॉम्ब ठेवलेले असायचे, त्या.

ते काम त्यानं मला हळूहळू सांगितलं, बागेतल्या बाकावर, आठवड्यांमागून आठवडे. दोन देशांनी कराराचा कागद केला होता. कुणी किती अस्त्रं ठेवायची ते ठरलं, जास्तीची मोडायची. पण मोडली म्हणून कोण कुणावर विश्वास ठेवणार? म्हणून अमेरिकेची माणसं त्यांच्या गोदीत येऊन मोजायची आणि यांची माणसं तिकडं जाऊन मोजायची. जिथून अस्त्र सुटायचं त्या नळ्यांची झाकणं काढून नळ्या आभाळाकडे उघड्या ठेवायच्या, म्हणजे वरून फिरणाऱ्या उपग्रहाला दिसावं की आत काही नाही. अण्णाला पगार महिनोन्‌महिने मिळायचा नाही, पण कापायची यंत्रं मात्र अमेरिकेनं पाठवलेली. एका अमेरिकन तपासनिसानं त्याचे फाटके हातमोजे बघितले आणि जाताना आपले कातडी हातमोजे त्याच्या हातात ठेवले. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. ते हातमोजे अण्णा लीड्सच्या थंडीत घालायचा.

मला ते फार आवडलं. भाऊ-भाऊ वाटणी करतात तेव्हा एकमेकांची चूल मोजायला कुणी जात नाही, म्हणून तर डोकी फुटतात. इथं जन्माचे वैरी, पण पत्रा कापला की वैऱ्याला बोलवायचं आणि म्हणायचं, मोज. ज्याचा आपल्यावर विश्वास नाही त्याच्यासमोर मोजून दाखवणं यासारखी ताठ मानेची गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

पण त्या हिवाळ्यात अण्णा उदास असायचा. अमेरिका तसल्याच एका जुन्या कागदातून आधीच उठून गेली होती आणि आता त्याच्या देशाच्या दाराशी अस्त्रं अडवायची नवी यंत्रं बसवायचं बोलत होती. आणि त्याच्या घरात काय चाललं होतं? तिथं अध्यक्षाची मुदत संपत होती. त्यानं आपला माणूस पुढं केला आणि तो माणूस दुसऱ्याच दिवशी म्हणाला, मी निवडून आलो की यांना पंतप्रधान करीन. लेनाच्या घरी टीव्हीवर हे बघून मी अण्णाला आमच्या गावची गोष्ट सांगितली. सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा जुन्या सरपंचानं बायकोला उभं केलं आणि स्वतः ओसरीवर बसून कारभार हाकला. गावाला फरक एवढाच दिसला की शिक्का आता स्वयंपाकघरात राहायला गेला. अण्णा इतका हसला की डोळ्यातलं औषध गालावर आलं.

त्याचं दुखणं वेगळंच होतं. त्यांच्या मतपत्रिकेवर पूर्वी सगळ्या नावांच्या खाली एक ओळ असायची: सगळ्यांच्या विरोधात. ज्याला कुणीच पसंत नाही त्यानं तिथं खूण करायची. अण्णाला कुणी पसंत नसलं की तो तिथंच खूण करायचा, आणि त्याला बहुतेकदा कुणीच पसंत नसायचं. ती ओळ सरकारनं दोन वर्षांपूर्वी काढून टाकली. कापली, तो म्हणाला, आणि हातानं टॉर्च फिरवल्यासारखं केलं. त्याला लंडनला आपल्या वकिलातीत जाऊन मत द्यायचं होतं, आणि ती ओळ स्वतःच्या अक्षरात परत लिहायची होती.

लेना ऐकेना. डोळ्याचं ऑपरेशन ताजं, हे तिचं एक कारण. खरं कारण तिनं माझ्या सुनेला सांगितलं. तिच्या आईची कबर तिकडं होती. अण्णाला दर उन्हाळ्यात तिथं जायचं असायचं, तेवढ्या एका गोष्टीवर म्हातारा जगत होता. वकिलातीत बसून मतपत्रिकेवर कुणी काही लिहिताना बघितलं आणि पुढं पासपोर्टाला अडचण आली तर? जो निवडून यायचा तो येणारच आहे, मग आईची कबर कशाला पणाला लावायची, असं तिचं म्हणणं. मुलगी वाईट नव्हती. भीती वाटणाऱ्या माणसाला मी वाईट म्हणत नाही.

माझ्या घरीही तेच. मुलगा सुधीर कॉम्प्युटरवाला, शांत स्वभावाचा, आईवर गेलेला. म्हणाला, "बाबा, रिझल्ट फिक्स आहे तिथला. दोघं म्हातारे कोचनं लंडनला जाऊन काय करणार आहात?"

"लग्नात नवरी ठरलेलीच असते," मी म्हटलं. "तरी अक्षता टाकायला गाव जातंच की."

"पण अण्णांना तर अक्षता टाकायच्याच नाहीयेत ना?"

"नाहीतच. सगळा मांडव अक्षता टाकत असताना हात बांधून उभा राहिलेला माणूस लांबूनसुद्धा दिसतो, सुधीर. त्याला दिसायचंय."

सुधीर सुनेकडे बघायला लागला. सून मानसी, नागपूरची, डॉक्टर. बोलते कमी आणि बघते जास्त. शनिवारी मी लेनाच्या दारात गेलो आणि तोंडावर सांगितलं, उद्या तुझ्या बापाला मी नेतोय आणि मीच परत आणतोय. चोरून न्यायला म्हातारा काही गाय नव्हता. तिनं दार लावून घेतलं. जोरात नाही, पण लावलं.

रविवारी पहाटे अण्णा आमच्याकडे आला, हातमोजे, कानटोपी, आतल्या खिशात पासपोर्ट, खिशावर सेफ्टी पिन. आम्ही निघतोय तर मानसी स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली. आमच्या दोघांच्या तळहातावर एकेक चमचा दही घातलं, वर साखर. मी चाटून टाकलं. अण्णानं हातमोजे काढले होते. तो दह्याकडे बघत राहिला आणि मग दुसऱ्या हाताचं बोट बुडवून ते डोळ्याकडे न्यायला लागला. डॉक्टरीण बाईंनी दिलंय म्हणजे डोळ्याचंच औषध असणार, असा त्याचा हिशेब. मानसीनं झेप घालून त्याचं मनगट धरलं. "खायचंय, अण्णा, खायचंय," ती मराठीतच म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, दुपारचे थेंब विसरू नका. म्हणजे परवानगी मिळाली.

त्या दिवशी इथला मदर्स डे होता, आयांचा रविवार. कोचमध्ये, म्हणजे इथल्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये, निम्म्या माणसांच्या मांडीवर फुलं, कागदात गुंडाळलेली डॅफोडिल, आईला भेटायला निघालेली. खिडकीबाहेर शेतं, शेतांवर बर्फाचा पांढरा धुरळा, मेंढ्या. कोच गरम, काचेवर वाफ, फुलांचा ओला हिरवा वास. अण्णा काचेवर बोटानं आपल्या भाषेत ती ओळ लिहून बघत होता. अक्षरं पाझरून खाली यायची, तो पुसायचा, परत लिहायचा. चौथीच्या परीक्षेला मी पाटीवर असाच घोकत बसलो होतो. ती परीक्षा द्यायची माझी राहिलीच, हे काचेकडे बघताना आठवलं आणि मी सावरून सरळ बसलो.

लंडनमध्ये वकिलातीबाहेर रांग होती. आम्ही रांगेत पुढं सरकत होतो आणि अण्णा खिशातून एक छापील कागद काढून बघत होता, लांब धरून, जवळ धरून. मग त्याच्या लक्षात आलं. डोळा नवा झाला, पण जुना चष्मा आता त्याला चालत नव्हता आणि नवा अजून मिळायचा होता. लांबचं लख्ख दिसत होतं, पुढ्यातलं अक्षर दिसेना. दोनशे मैल येऊन हा माणूस मतपत्रिका वाचू शकणार नव्हता. आत कुणाला तरी वाचून दाखवा म्हणायचं? मग गुप्त काय राहिलं?

मी माझा वाचायचा चष्मा काढून त्याच्या नाकावर बसवला. एक काडी सैल होती, ती दाबली. त्यानं कागद धरला, भुवया वर केल्या.

"गुड?"

"गुड, मखादेव."

आणि तो आत गेला. हातात अमेरिकेचे हातमोजे, डोळ्यांवर हिंदुस्थानचा चष्मा, आणि खिशात रशियाचा पासपोर्ट. मोठमोठ्या कोटातली माणसं कागद करायला बसतात त्या टेबलावरसुद्धा असा मेळ कधी जमला नसेल.

मी बाहेर फुटपाथवर. पलीकडच्या छपरावरची कबुतरं दिसत होती, मनगटावरच्या घड्याळातलं काही दिसत नव्हतं. किती वेळ गेला कळेना. परतीची कोच चुकते की काय कळेना. माझ्यामागून आलेली माणसं बाहेर पडून निघून गेली आणि अण्णाचा पत्ता नाही. लेनाचं लागलेलं दार आठवायला लागलं. मी म्हाताऱ्याला मिरवत इथं आणलं ते त्याच्यासाठी की माझ्या हट्टासाठी, असा एक किडा डोक्यात वळवळला. मी तो चिरडला. हट्ट दोघांचा होता. दोन हट्टी माणसं एका बाजूला बसली की त्याला हट्ट म्हणत नाहीत, ठराव म्हणतात.

मग तो दारात दिसला. पायऱ्या उतरताना एखाद्या जवानासारखा उतरला. मी आधी त्याचा डावा हात ओढला आणि बोट बघितलं. कोरं.

"शाई?" मी विचारलं.

त्याला कळेना. मी त्याला समजावलं की आमच्याकडे मत दिलं की बोटाला काळी शाई लावतात, आठवडे जात नाही, गरीब असो श्रीमंत असो, बोट दाखवलं की मत झालं. शाई नाही तर मत झालं कशावरून? दुसऱ्यांदा रांगेत उभं राहिलास तर कोण ओळखणार? मला खरंच संताप आला होता. एवढा मोठा देश, अस्त्रं मोजून द्यायची अक्कल आहे, आणि बोट मोजायची नाही! मी खिशातून निळं बॉलपेन काढलं, फुटपाथवर उभं राहून त्याच्या डाव्या तर्जनीवर नखापासून सांध्यापर्यंत जाड रेघ ओढली, परत परत गिरवली. त्यानं बोट वर धरून बघितलं, माझ्या चष्म्यातून. मग पेन माझ्या हातातून घेतलं आणि माझं बोट धरून त्यावर तशीच रेघ ओढली.

मी हात ओढून घेतला. म्हटलं, मी मत दिलेलं नाही. न देता शाई लावणं हे खोटं काम आहे, आमच्याकडे त्याला तुरुंग आहे.

"युवर ग्लासेस व्होट," तो म्हणाला. त्याच्यापुरता विषय संपला होता.

आत काय लिहिलं ते त्यानं मला परतीच्या कोचमध्ये सांगितलं. आता तो नाही, म्हणून लिहितो. सगळ्या नावांच्या खाली, काचेवर घोकलेली ती ओळ, तशीच. आणि तिच्यापुढं खूण. मी म्हटलं, बाद धरतील. तो म्हणाला, धरू देत, बाद मतंपण मोजावी लागतात. आकडा एकानं वाढेल. आणि तळहात आभाळाकडे उघडे करून माझ्याकडे बघितलं. झाकण काढलेल्या नळ्या. मला कळलं.

लीड्सच्या थांब्यावर लेना उभी होती, मानसीला घेऊन. वाटेत एका पेट्रोल पंपाच्या दुकानातून अण्णानं उरलीसुरली डॅफोडिल घेतली होती, ती त्यानं पोरीला दिली नाही, आधी बोट वर केलं. लेनानं बोट बघितलं. तिच्या भाषेत ती बरंच काही बोलली, ते भांडण होतं हे सांगायला दुभाषी लागत नाही. बोलता बोलता तिनं ते बोट मुठीत धरलं आणि सोडलंच नाही. मग मला विचारलं, त्यांनी आत काही लिहिलं का?

"मतपेटीत काय आहे ते मतपेटीला विचार," मी म्हटलं. "बाप सांगितल्याप्रमाणं परत आणलाय. मोजून घे."

त्या उन्हाळ्यात अण्णा बायकोच्या कबरीवर जाऊन आला, कुणी अडवलं नाही, आणि पुढचे उन्हाळेही गेला. शेवटी तिथंच, तिच्या शेजारी राहिला. आता लेना इथली नागरिक आहे. मे महिन्यात आमच्या गल्लीच्या टोकाला शाळेच्या हॉलमध्ये मतदान असतं, सुतळीला बांधलेली पेन्सिल असते, शाई इथंही नसते. हॉलमधून बाहेर पडली की लेना न बोलता माझ्यापुढं डावं बोट धरते. मी बॉलपेन काढतो. शेजारपाजारचे इंग्रज बघतात. बघू देत.

पण त्या रविवारची गोष्ट अजून एका सकाळएवढी उरलीय. संध्याकाळी जेवताना नात रिया माझ्या हाताकडे बघून तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, तुमचा बोट निळी का झाला? तुम्ही व्होट केलं?" मी हात टेबलाखाली घेतला. म्हटलं, नाही बाळा, मला इथं मत नाही, माझा पासपोर्ट हिंदुस्थानचा. मानसी पोळी वाढता वाढता थांबली. म्हणाली, "बाबा, आपल्याला आहे की मत. कॉमनवेल्थमधले म्हणून भारतीय पासपोर्टवरसुद्धा आहे. मी दर वेळी देते." मी सुधीरकडे बघितलं. तो आमटीकडे बघत होता. त्यानं मतदारयादीत माझं नाव कधी घातलंच नव्हतं; त्याला वाटलं, बाबांना इथलं काय करायचंय. जेवण झाल्यावर खोलीत जाऊन बोट उजेडात धरलं. निळी रेघ, जाड, अजून ओली असल्यासारखी. पुसता आली असती. पण अण्णानं लावलेली, पुसायची कशी? आणि न कमावलेली, मिरवायची कशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डाव्या बोटाला प्लास्टिकची पिशवी बांधून आंघोळ केली. पासपोर्ट घेतला, डावा हात कोटाच्या खिशात घातला आणि एकटा बसनं कौन्सिलच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, माय नेम, व्होट. तिनं कागद पुढं केला, कुठं काय लिहायचं ते बोटानं दाखवलं. चष्मा लावून मी सगळं सावकाश भरलं आणि खाली महादेव अशी पूर्ण सही केली, वर रेघ ओढून, मास्तरांनी शिकवली होती तशी. ती म्हणाली, दॅट्स लव्हली. बाहेर बारीक बर्फ पडत होतं. बस आली. मी खिशातला डावा हात बाहेर काढला आणि बसचा दांडा त्याच हातानं धरला.